दोन कार्बोरेटरचा आवाज

आमच्या गॅरेजात भिंतीवर एक वस्तू टांगलेली असायची, तिला सगळे दुनळी म्हणायचे. नाव ऐकून नव्या माणसाला वाटायचं, आमच्या मालकांकडे, वस्तादांकडे, बंदूक आहे. एकदा नवीन बदलून आलेला एक हवालदार चहा पिता पिता ते ऐकून बशी खाली ठेवून उभाच राहिला. वस्तादांनी मग ती काढून त्याच्या हातात दिली. डॉक्टर छातीला लावतात ती नळी, पण छातीला टेकणारा गोल तुकडा कापून टाकलेला, आणि दोन कानांच्या दोन नळ्या वेगळ्या करून त्यांना पेट्रोलच्या पाइपचे लांब तुकडे जोडलेले. एका तुकड्याच्या टोकाला लाल टेप, दुसरा कोरा. लाल नळी उजव्या कानाला, कोरी डाव्या.

साध्या गाडीला एकच कार्बोरेटर असायचा, तिथे दुनळीचं काम नाही. आता तर कार्बोरेटरच गेले, सगळं कॉम्प्युटरवर आलं. पण जुन्या विलायती गाड्यांत दोन असतात, एखादीत तीनही. पुढच्या दोन सिलिंडरना एक, मागच्या दोनांना एक. दोन्ही कार्बोरेटरनी हवा सारखी ओढायला पाहिजे. एकाने जास्त ओढली की बैलजोडीतला एक बैल ओढतो आणि दुसरा नुसता मानेवर जू घेऊन सोबत चालतो, तसं इंजिनाचं होतं. चालतं, पण थरथरत चालतं, आणि गाडी हळू झाली की बंद पडतं.

बाकीचे मिस्तरी एकच नळी घेतात. आधी पुढच्या कार्बोरेटरच्या तोंडाशी धरून ऐकतात, मग मागच्या, आणि आवाज ध्यानात ठेवून स्क्रू फिरवतात. वस्तादांना हे पसंत नव्हतं. ध्यानात ठेवलेला आवाज खोटा असतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांना दोन्ही आवाज एकाच वेळी पाहिजे असत, पुढचा उजव्या कानात, मागचा डाव्या. दोन्हीकडची फुसफुस सारखी झाली की दोन आवाज राहत नाहीत, डोक्याच्या मधोमध एकच उभा राहतो. त्यांनी मला पहिल्यांदा दुनळी लावायला दिली तेव्हा तो मधला आवाज मला ऐकू आला आणि मी दचकून ती काढून टाकली. कुणीतरी कवटीच्या आत बसून श्वास घेतंय असं वाटलं होतं. वस्ताद हसले. "आता तुला कळलं," म्हणाले, "बाकीचं नुस्तं पाना फिरवणं हाय."

मी इथला नाही. माझं गाव कोकणात, खाडीच्या काठावर. बीड जिल्ह्यातली माणसं पोटासाठी बाहेर जातात, मी उलटा आत आलो. नववीत शाळा सुटली, मग ट्रकवर क्लीनर झालो, आणि माजलगाव जवळ आलं असताना ट्रकचं इंजिन बसलं आणि तो ओढून इथल्या गॅरेजात आणला. ड्रायव्हर मालकाशी बोलून येतो म्हणून गेला तो गेलाच. मालकाने पुढे ट्रक उभ्या जागी विकला. ट्रकबरोबर क्लीनर विकता येत नाही, म्हणून मी वस्तादांच्या गॅरेजात उरलो. त्यांनी मला ठेवून घेतो असं कधी म्हटलं नाही. एक दिवस माझ्या मापाची खाकी चड्डी-शर्टाची जोडी आणून खिळ्याला अडकवली, एवढंच. ज्वारीची भाकरी मला जड जायची, म्हणून काकू, म्हणजे त्यांची मंडळी, माझ्यापुरता मूठभर भात टाकायला लागल्या. माझे केस पांढरे व्हायला लागले तरी अजून टाकतात. कावीळ झाली तेव्हा त्यांच्याच ओट्यावर पडून होतो. आई फोनवर विचारायची, कोण बघतंय तुला? मी म्हणायचो, घरचे बघतायत.

मी मुळात भित्रा. नट आवळला की पुन्हा आवळून बघतो, कुलूप लावलं की रस्त्यापर्यंत जाऊन परत येतो. वस्ताद चिडायचे. "अबे कोकण्या, त्यो नट हाय, पळून जायला त्याला पाय न्हाईत." पण त्यांनी एकदा बघून बरोबर म्हटलं की माझी भीती जायची. इतक्या वर्षांत माझ्या हातून झालेलं एकही काम मी त्यांच्या 'बरोबर'शिवाय गॅरेजबाहेर जाऊ दिलेलं नाही. मला वाटायचं हे असंच चालत राहील.

मग दिंद्रुडच्या शेठजींची गाडी आली. शेठजी आडत दुकानवाले, कपाळाला भस्म लावल्याशिवाय गल्ल्यावर न बसणारे. गाडी त्यांच्या वडिलांनी निजामाच्या काळानंतर हैदराबादहून आणलेली, दोन दरवाजांची, मलईच्या रंगाची. वर्षभर झाकून ठेवायची आणि महाशिवरात्रीला सगळ्या घराने तिच्यात बसून परळीला जायचं, अशी त्यांच्या घरची रीत. दर वर्षी त्याआधी वस्ताद तिचे दोन्ही कार्बोरेटर जुळवून द्यायचे. त्या वर्षीही दिले.

शिवरात्र झाली आणि शेठजी गाडी घेऊन परत आले. परळीच्या अलीकडे दोनदा बंद पडली म्हणाले. लोकांनी ढकलली. वडील मागच्या सीटवर बसून काठी आपटत होते. शेठजी रागावले नव्हते, त्यांना वस्तादांपुढे रागावायची सवयच नव्हती. "दवाखान्यात पेशंट चालतंय-बोलतंय," ते म्हणाले, "घरी नेलं की कण्हायलंय. काऊन असं?"

वस्तादांनी इंजिन चालू करून प्लगच्या वायरी एकेक काढून बघितल्या. मागच्या सिलिंडरची वायर काढली की इंजिन मरायला टेकायचं. पुढच्याची काढली तर फारसा फरकच पडायचा नाही. म्हणजे पुढचे दोन सोबत चालत होते, ओढत नव्हते. त्यांनी प्लग बदलले, पॉइंट घासून बघितला, सांध्यांवर ऑइलचे थेंब सोडून कुठे हवा ओढतंय का ते तपासलं. काही नव्हतं. दुनळी लावली, पुन्हा जुळवलं. गाडी गेली आणि आठवड्यात परत आली. शेजारच्या पंक्चरवाल्याने लांबूनच ओरडून सांगितलं, "वस्ताद, तुमचं पेशंट ॲडमिट व्हायला आलंय."

पहिल्यांदा वस्ताद हसले. पुढच्या खेपेला हसले नाहीत.

त्यांचा एक नियम होता. दोष सापडेना झाला की सामानाची अदलाबदल करायची. पुढचं मागे घालायचं, मागचं पुढे, आणि दोष कुणाबरोबर जातो ते बघायचं. ज्याच्याबरोबर गेला तो चोर. प्लग बदलले, दोष पुढेच राहिला. वायरी बदलल्या, पुढेच. अख्खे कार्बोरेटर उलटसुलट बसत नाहीत, ॲक्सिलरेटरला जोडणाऱ्या लिंकची तोंडं विरुद्ध येतात, म्हणून वस्तादांनी त्यांच्या पोटातलं सामान बदलायचं ठरवलं. वरच्या टोप्या, आतले पिस्टन, सुया, जेट, सगळं पुढचं मागे आणि मागचं पुढे. बाकीची कामं बाजूला ठेवून आम्ही तेवढंच करत होतो. बसवलं, वस्तादांनी दुनळी लावून जुळवलं, वायर काढली. पुढचे दोन अजूनही सोबतच चालत होते.

त्या दिवसानंतर त्यांचं जेवण कमी झालं. इंजिनाचा हेड, म्हणजे वरचा भाग, खोलायचं बोलायला लागले. मी म्हटलं सगळ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन सारखं आहे, हेड कशाला? गॅरेजात जुन्या गाड्या बघायला येणारी माणसं, कुणी परभणीचं, कुणी लातूरचं, बाकावर बसून सल्ले द्यायला लागली. आजकालचं पेट्रोलच खराब म्हणे. एकाने गाडीला नजर लागल्याचं सांगितलं आणि वस्तादांनी, आयुष्यात कधी लिंबू न बांधणाऱ्या माणसाने, ते ऐकून घेतलं. मला ते बघवेना.

एका दुपारी ते घरी जेवायला गेले होते. इंजिन गरम होतं, आत्ताच जुळवून ठेवलेलं. मी सहज ते चालू केलं, दुनळी घेतली आणि लावली. मधला आवाज कुठेच नव्हता. डाव्या कानात मागचा कार्बोरेटर फसफसून ओढत होता, उजव्या कानात पुढचा कसाबसा. एखाद्या लहान पोरालाही कळलं असतं इतका फरक होता.

मी नळी काढली, पुसली, परत लावली. तसंच. मी काय विचार केला ते आज सांगताना विचित्र वाटतं. मला वाटलं, माझ्या उजव्या कानात मळ झालाय. चौकात जाऊन कान साफ करून आलो. वस्तादांचा कान आणि माझा कान यांत खोटा कुणाचा, हा प्रश्न माझ्या मनात येणारच नव्हता. आल्यावर परत ऐकलं, मग दुनळी उलटी लावली, डावी उजवीकडे. मागचाच मोठा.

तेव्हा एकेक आठवायला लागलं. मी डावीकडून हाक मारली की ते ओ देत नाहीत. चहावाला डावीकडून कप पुढे करतो आणि धरून उभा राहतो. मोबाइल ते हल्ली कायम उजव्या कानाला लावतात. डाव्या कानात मागचा कार्बोरेटर त्यांना बारीक ऐकू येत होता, म्हणून ते त्याला उघडत जायचे, उघडत जायचे, त्यांच्या डोक्यात तो पुढच्याइतका होईपर्यंत. गाडीत दोष नव्हताच. शिवरात्रीच्या आधी ती ठणठणीत आली होती.

मी संध्याकाळी काकूंकडे गेलो. त्या परातीत पीठ चाळत होत्या. काय सांगायचं ते सुचेना, म्हणून विचारलं, वस्तादांना ऐकू कमी येतं का? त्यांचा हात थांबला नाही.

"तुला आता कळलं?" त्या म्हणाल्या. "मी दोन दिवाळ्या झाल्या वरडायलेय."

मी म्हटलं, मग तुम्ही बोलला का नाहीत?

"कुणाला बोलू? बायकोचं ऐकू येत न्हाई म्हणलं तर माणूस हसतंय. इंजिनाचं ऐकू येत न्हाई म्हणलं तर त्या माणसानं जावं कुठं?" मग चाळणी ठेवून माझ्याकडे बघितलं. "तू सांग. माझ्याकडून कळलं तर त्यांना ते भांडण वाटंल. तुझ्याकडून कळलं तर खरं वाटंल. पण चारचौघांत न्हाई."

मी कसं सांगणार? त्या माणसाने मला इंजिनाचं ऐकायला शिकवलं, त्याला जाऊन म्हणायचं, तुम्हाला ऐकू येत नाही? चार-दोन दिवस मी तोंड उघडलं नाही. माझ्या मनात सारखे हिशेब चालायचे, ते गॅरेज बंद करतील, मला कोण ठेवेल, गावी गेलो तर तिथे आता कोण ओळखतं. स्वतःचीच काळजी जास्त होती, हेही लिहून टाकतो.

मग शेठजींचा फोन आला. पुण्याला कुणीतरी जुन्या गाड्यांचा माणूस आहे, त्याच्याकडे गाडी पाठवू का, वस्ताद? विचारलं परवानगीच्या सुरात, पण विचारलं. वस्ताद म्हणाले, एकदा अजून बघतो. शटर अर्धं ओढून घेतलं, बाकावरची माणसं घालवली. मग स्टूलवर बसून गाडीकडे बघत राहिले.

"सगळं बदलून झालं," ते म्हणाले. "आता काय राह्यलं?"

मी त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन उभा राहिलो.

"वस्ताद, नळ्या बदलायच्या राहिल्यात."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना लगेच कळलं असावं, कारण त्यांनी 'काऊन?' असं विचारलं नाही. उठले, दुनळी घेतली आणि लाल नळी मागच्या कार्बोरेटरला, कोरी पुढच्याला लावली. इंजिन चालू केलं. स्क्रू फिरवायला लागले, नेहमीसारखं डोळे मिटून, बारीक बारीक. त्यांच्या मते जुळलं तेव्हा नळ्या काढून त्यांनी मला वायर काढायची खूण केली.

मी मागच्या सिलिंडरची वायर काढली. इंजिनाला काही फरक पडला नाही. पुढच्याची काढली, इंजिन मरायला टेकलं. दोष पुढून मागे गेला होता. कुणाबरोबर गेला, ते दोघांनाही दिसत होतं.

वस्तादांनी इंजिन बंद केलं. त्यांनी डाव्या कानाशी बोटं चोळून बघितली, जसं मी लहानपणी घड्याळ कानाला लावून चालू आहे का बघायचो तसं. मग उजव्याशी. पुन्हा डाव्याशी. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, मळ असेल, दाखवून घेऊ.

"कवापासून?" त्यांनी विचारलं.

माहीत नाही, म्हणालो.

"म्हंजे त्या अंबाजोगाईच्या गाडीचंबी. आन् त्या सेलूच्या मास्तराची." ते एकेक गाडी आठवत होते. कुठली परत आली, कुठली आली नाही. परत न आलेल्या गाड्यांचं त्यांना जास्त लागलं असं मला वाटलं, कारण त्या माणसांनी काही न बोलता दुसरीकडे नेल्या होत्या. बोलता बोलता ते थांबले आणि माझ्या हातातला पाना घेऊन तो फडक्याने पुसायला लागले. बराच वेळ पुसत होते. मला त्यांच्या खांद्याला हात लावावासा वाटला, पण आमच्यात तशी पद्धत नाही.

शेवटी म्हणाले, "तू लाव दुनळी. जुळव आन् शेठला देऊन टाक."

मी जुळवली. गाडी गेली, पुण्याला नाही, दिंद्रुडला, आणि परत आली नाही. शेठजींनी फोन करून सांगितलं, वस्ताद, तुमच्या हाताला तोड नाही. फोन मी घेतला होता. मी बरं म्हणून ठेवून दिला. शेठ काय म्हणाले, ते वस्तादांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

अंबाजोगाईला मोठ्या दवाखान्यात आम्ही एसटीने गेलो. तिथे काचेच्या खोलीत बसवून त्यांच्या कानांना आवाज दिले, ऐकू आला की बोट वर करायचं. मी काचेबाहेरून बघत होतो. डाव्या बाजूला बोट जवळजवळ वर गेलंच नाही. उजव्या बाजूलाही पुढे पुढे वर जायला वेळ लागत होता. तरुण डॉक्टरीणबाईंनी चांगलं समजावून सांगितलं, कानाची नस सुकत चाललीय, डिझेल इंजिनांपाशी आयुष्य काढलेल्या माणसांचं असं होतं, दुसऱ्या कानाचंही हळूहळू होईल. यंत्र लावून बोलणं ऐकू येईल म्हणाल्या. वस्तादांनी यंत्र लावून बघितलं. गॅरेजात आले, एक गाडी चालू केली, ऐकली, आणि यंत्र काढून खिशात ठेवलं. पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखं वाजतं म्हणाले. काकूंशी बोलताना लावतात. काकू म्हणतात, चला, माझं तरी ऐकायला लागले, आणि तोंड फिरवून घेतात.

बातमी कुणी फोडली माहीत नाही. हल्ली लोक वस्तादांच्या उजव्या बाजूला उभं राहून मोठ्याने बोलतात. चांगुलपणानेच बोलतात, पण ते ओरडायला लागले की वस्ताद आत निघून जातात. दोन कार्बोरेटरच्या गाड्या पूर्वीइतक्या येत नाहीत. आल्या तर लोक विचारतात, वस्तादच बघणार ना, आणि मला कळत नाही हो म्हणू की नाही. साधी कामं चालू आहेत, ट्रॅक्टरची, रिक्षांची. वस्ताद ब्रेकची कामं करतात, तिथे कान लागत नाही. दुपारी स्टूलवर बसून रस्त्याने जाणाऱ्या उसाच्या ट्रॉल्यांकडे बघतात. आधी लांबूनच, न बघता सांगायचे, कुणाचा ट्रॅक्टर आला ते.

आई फोनवर म्हणते, आता ये की परत, तुझं तिथे काय राहिलं. मी म्हणतो, येईन. आता मी जाणार नाही, हे मला माहीत आहे. पण राहून करू काय, ते माहीत नाही. रात्र रात्र इंजिनांचे आवाज आठवत पडून राहतो. माझ्याही कानांचं आयुष्य त्याच इंजिनांपाशी गेलंय.

काल घाटनांदूरहून एक गाडी आली, तीन कार्बोरेटरची. तीन मी याआधी एकट्याने कधी केलेले नाहीत. गाडीवाला जेवायला गेला. वस्ताद बोनेटपाशी येऊन उभे राहिले आणि त्यांनी तळवा इंजिनाच्या झाकणावर ठेवला. मी पहिला आणि दुसरा जुळवला, मग दुसरा आणि तिसरा, मग पुन्हा पहिल्यापासून. एकदा वाटायचं जुळलं, एकदा वाटायचं मीच जुळवून घेतोय. तिसऱ्याचा आवाज थोडा बारीक होता की मला तसा भास होत होता, ठरवता येईना. सवयीने मी मान वर करून वस्तादांकडे बघितलं, बरोबर आहे का ते विचारायला. ते माझ्याकडेच बघत होते.

"बरोबर हाय का रं?" त्यांनी मला विचारलं.

मला माहीत नव्हतं. मी म्हणालो, "सारखं झालं, वस्ताद."

त्यांनी मान हलवली. ऐकू आलं म्हणून, की माझे ओठ हलले म्हणून, ते मला कळलं नाही. इंजिन तसंच चालू होतं.